मारे आडनावाचा माग : फ्रान्स, केप, नगरची छावणी आणि पर्थ

पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात राहणाऱ्या एका बहीण-भावाने आपल्या ‘मारे’ या आडनावाचे मूळ शोधायचे ठरवले. त्या शोधाचा एक धागा महाराष्ट्रातील नगरला येऊन पोचत असल्यामुळे हे प्रकरण माझ्याकडे आले. दोघांचा जन्म दक्षिण आफ्रिकेतला. १९९४ नंतर तेथून बाहेर पडलेल्या अनेक कुटुंबांप्रमाणे तेही पर्थला स्थायिक झाले. थोरली बहीण निवृत्त शिक्षिका आहे आणि धाकटा भाऊ अभियंता. घरात मोठ्यांची भाषा डचपासून बनलेली आफ्रिकान्स असली, तरी नातवंडे इंग्रजीतच वाढत होती. त्यांच्यासाठी घराण्याची एक छोटी पुस्तिका छापून ठेवावी, एवढाच मूळ हेतू होता. कुटुंबातील व्यक्तींची नावे आणि एकोणिसाव्या-विसाव्या शतकातील त्यांच्या शेतवाड्या व जिल्हे या लेखात गाळले आहेत. आडनाव मात्र ठेवले आहे, कारण ते हजारो लोकांचे आहे आणि त्यावाचून पुढची गुंतागुंत कळणार नाही.

कुटुंबाकडे तीन गोष्टी होत्या. पहिली, पणजोबांनी १९०२ साली नगरच्या युद्धकैद्यांच्या छावणीतून डच भाषेत लिहिलेले आणि सेन्सॉरचा शिक्का असलेले एक पत्र. दुसरी, इंटरनेटवरून जुळवलेली अनेक पिढ्यांची वंशावळ. तिसरी, चौकटीत बसवलेले एक कुलचिन्ह, जे कधीतरी एका दुकानातून विकत घेतले होते आणि ज्याच्या आधारावर ‘आपण फ्रेंच सरदार घराण्यातले’ अशी समजूत घरात दोन पिढ्या नांदत होती.

दक्षिण आफ्रिकेतील फ्रेंच आडनावांचा इतिहास येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. चौथ्या हेन्रीने १५९८ मध्ये नांतच्या फर्मानाने फ्रान्समधील प्रोटेस्टंटांना, म्हणजे ह्युगेनो लोकांना, उपासनेची मुभा दिली होती. ते फर्मान चौदाव्या लुईने ऑक्टोबर १६८५ मध्ये रद्द केले. धर्म न सोडणाऱ्या पाद्र्यांना पंधरा दिवसांत देश सोडण्याचा हुकूम झाला, तर सामान्य ह्युगेनोंना देश सोडण्याचीच बंदी होती आणि पळताना पकडलेल्या पुरुषांची रवानगी गॅलीवर वल्ही मारण्यासाठी होत असे. तरीही फार मोठ्या संख्येने लोक हॉलंड, इंग्लंड आणि जर्मन संस्थानांत निसटले. हॉलंडला पोचलेल्यांपैकी दोनशेच्या आतबाहेर माणसांना डच ईस्ट इंडिया कंपनीने मुख्यतः १६८८-८९ या काळात आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप वसाहतीत नेले. वसाहतीचा तेव्हाचा कमांडर सिमॉन व्हान डर स्टेल याने त्यांना ड्राकनस्टाइन आणि आज फ्रान्सहूक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खोऱ्यांत जमिनी दिल्या, पण त्या मुद्दाम डच शेतकऱ्यांच्या जमिनींत मिसळून, म्हणजे फ्रेंचांची वेगळी वस्ती उभी राहू नये. त्यांचा पाद्री प्येर सिमों १७०२ मध्ये परत गेल्यानंतर चर्चमधील फ्रेंचही हळूहळू मागे पडली. १७५१ ते १७५३ या काळात केपला राहिलेल्या लाकाय या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाला या वंशजांपैकी फक्त वयस्कर माणसेच फ्रेंच बोलताना आढळली.

भाषा गेली, आडनावे राहिली, आणि तीही डच कारकुनांच्या कानावर विसंबून. क्रोनिये, द व्हिलियर्स, ड्यू प्लेसिस ही नावे मराठी वाचकाला क्रिकेटमुळे परिचयाची आहेत. ती सगळी याच स्थलांतरातून आलेली आहेत.

अडचण नेमकी कोठे होती

वंशावळ वरवर पाहता सलग दिसत होती. तिच्यात केपला आलेला मूळपुरुष शार्ल मारे होता आणि त्याच्याविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते. कंपनीच्या ‘फोरस्कोटन’ या जहाजाने ३१ डिसेंबर १६८७ रोजी हॉलंडचा किनारा सोडला आणि एप्रिल १६८८ मध्ये ते केपजवळच्या साल्डान्या उपसागरात पोचले. त्या जहाजावरील प्रवाशांच्या यादीत शार्ल मारे, त्याची पत्नी कातरीन ताबुरो आणि क्लोद (२४), शार्ल (१९), इझाक (१०), मारी (६) ही चार मुले आहेत. प्रश्न होता तो या यादीच्या अलीकडचा आणि पलीकडचा.

अलीकडे, सहाव्या पिढीत वंशावळीने एका वेगळ्याच घराण्यात उडी मारलेली होती. केपमध्ये एकसारखी ऐकू येणारी दोन आडनावे आहेत. एक एम-ए-आर-ए-आय-एस असे लिहिले जाते आणि ते शार्लच्या वंशजांचे. दुसरे एम-ए-आर-ई-ई, जे अठराव्या शतकाच्या आरंभी आलेल्या इग्नास मारे या निराळ्या मूळपुरुषाचे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज कारकुनांनी ही दोन्ही नावे सर्रास एकमेकांच्या जागी लिहिली आहेत, आणि देवनागरीत तर दोहोंतला फरक उरतच नाही. म्हणून माझ्या टिपणांत मी प्रत्येक नोंदीपुढे मूळ स्पेलिंग तसेच उतरवून ठेवत होतो.

पलीकडे, म्हणजे फ्रान्समध्ये, वंशावळ थेट मध्ययुगातील सरदारांपर्यंत पोचत होती आणि एकाही दुव्याला कागद नव्हता. शिवाय तिच्यात असे लिहिले होते की थोरल्या शार्लला १६९३ मध्ये शेतीची सनद मिळाली. प्रत्यक्षात थोरला शार्ल १६८९ मध्येच, एका खोईखोई, म्हणजे केपमधल्या मूळच्या पशुपालक जमातीतल्या, माणसाशी झालेल्या भांडणात जखमी होऊन मरण पावला होता. सनद त्याच्या मुलाच्या नावाची असणार, हे उघड आहे. बाप-लेकांचे नाव एकच असल्यामुळे झालेली ही चूक किरकोळ वाटेल; पण जी वंशावळ मेलेल्या माणसाला चार वर्षांनी जमीन देते, तिच्या इतर विधानांवर किती भिस्त ठेवायची, याचा अंदाज मला तेथेच आला.

समोरचे पर्याय

बहिणीला फ्रान्सपासून सुरुवात हवी होती. तिने फ्रान्सच्या प्रवासाचे बेत आखलेले होते आणि जाण्यापूर्वी गावाचे नाव पक्के व्हावे, अशी तिची अपेक्षा होती. या मार्गात मोठा धोका आहे. मारे या फ्रेंच शब्दाचा अर्थ दलदलीची जमीन. जेथे जेथे दलदल, तेथे तेथे हे आडनाव स्वतंत्रपणे जन्मू शकते. त्यामुळे फ्रान्सच्या दप्तरांत मारे शोधू लागल्यास हवे तितके सापडतात आणि त्यांतला आपला कोणता, हे ठरवण्यास काहीच साधन नसते.

भावाला आधी डीएनए चाचणी हवी होती. त्यातून लवकर उत्तर मिळेल, असा त्याचा समज होता. परंतु चाचणी फक्त इतकेच सांगते की अमुक दोन माणसे एकमेकांच्या किती जवळची आहेत. तुलनेला कागदोपत्री सिद्ध झालेला दुसरा वंशज नसेल, तर निकाल हाती येऊनही त्याचा अर्थ लागत नाही.

तिसरा पर्याय सर्वांत कंटाळवाणा होता : हयात माणसापासून सुरुवात करून एकेक पिढी मागे जायचे, आणि प्रत्येक दुव्याला त्या काळातला कागद मिळाल्याशिवाय पुढचे पाऊल टाकायचे नाही. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या चोपड्यांतही समोर बसलेल्या यजमानापासूनच मागे जावे लागते. पूर्वज आधी निवडून वंशज नंतर जोडण्याची सोय तेथे नसते. हाच मार्ग घ्यावा असे मी सुचवले. बहिणीने नाखुशीने मान्य केले, आणि प्रवासाचा बेत पुढे ढकलला.

प्रत्यक्ष काम : नगरच्या पत्रापासून

पत्र हा उत्तम आरंभबिंदू ठरला. दक्षिण आफ्रिकेतील डच भाषक शेतकरी, म्हणजे बोअर, आणि ब्रिटिश यांच्यातले बोअर युद्ध ऑक्टोबर १८९९ मध्ये सुरू होऊन ३१ मे १९०२ च्या तहाने संपले. पकडलेल्या हजारो बोअरांना ब्रिटिशांनी सेंट हेलेना, सिलोन, बर्म्युडा आणि हिंदुस्थानात पाठवले. हिंदुस्थानातील छावण्यांपैकी एक अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, होती. मायदेशी परतण्यासाठी ब्रिटिश राजाशी एकनिष्ठतेची शपथ घ्यावी लागत असे आणि तह झाल्यावरही काही कैदी ती घेण्यास नकार देऊन बसले होते. त्यांची समजूत घालण्यासाठी बोअरांचा जनरल कोस द ला रे स्वतः हिंदुस्थानात आला होता. पणजोबांनीही शपथ घेण्यास बराच वेळ लावला असावा, असे पत्राच्या सुरावरून वाटते, पण ते माझे अनुमान आहे आणि पुस्तिकेत ते अनुमान म्हणूनच छापले आहे.

युद्धकैद्यांच्या नोंदींचे मोल असे की त्यांत नाव आणि वय यांबरोबर कैद्याची शेतवाडी आणि जिल्हाही लिहिलेला असतो. दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथील युद्धसंग्रहालयाने या नोंदी एकत्र केलेल्या आहेत. तेथे पणजोबांचे नाव शोधल्यावर एकाऐवजी दोन माणसे सापडली : नाव तेच, जिल्हा तोच, वयात दोनच वर्षांचा फरक. बोअर कुटुंबांत पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव देण्याची रीत होती, त्यामुळे एकाच आजोबांचे नाव चार-चार नातवंडांना असे. इंटरनेटवरच्या वंशावळीने या दोघांतला चुकीचा मनुष्य उचलला होता आणि तेथूनच ती दुसऱ्या मारे घराण्यात शिरली होती.

दोघांना वेगळे करण्यासाठी वयावर विसंबणे शक्य नव्हते, कारण छावणीत वय अंदाजाने सांगितले जात असे. शेतवाडीचे नाव, पत्नीचे नाव आणि मुलांच्या बाप्तिस्म्याच्या वेळचे साक्षीदार या तिन्ही गोष्टी एकत्र जुळतील तो मनुष्य आपला, असा निकष ठरवला. पत्रात पत्नीचा आणि शेतवाडीचा उल्लेख होता. त्यावरून मृत्यूनंतर वारसांनी सरकारदरबारी भरून दिलेला मृत्यूपत्रक-अर्ज शोधता आला. या अर्जात मृताच्या आई-वडिलांची नावे विचारलेली असतात. आईच्या नावापुढे मारे हे आडनाव होते आणि वडिलांच्या नावाची जागा कोरी होती.

सर्वांत अवघड निर्णय

रिकाम्या जागेवरून लगेच निष्कर्ष काढता येत नाही. अर्ज भरणाऱ्या मुलाला आजोबांचे नाव ठाऊक नसणे अगदी शक्य असते. म्हणून चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीची प्रत मागवली. तेथे नोंद स्पष्ट होती : मुलाची आई अविवाहित, वडिलांचे नाव नाही, साक्षीदार म्हणून आईचे आई-वडील. म्हणजे मारे हे आडनाव या शाखेत बापाकडून आलेले नव्हते, आईकडून आले होते. मुलगा आजोबांच्या घरी वाढला, त्यांचेच आडनाव लावले आणि पुढे तेच वंशाला चिकटले.

या टप्प्यावर तीन गोष्टी करता येण्यासारख्या होत्या. आईमार्फत वंश शार्ल मारेपर्यंत पोचतोच, मग तपशील न सांगता सलग वंशावळ द्यायची. किंवा दोघांनाही एकदम कळवायचे. किंवा आधी विचारायचे की असे काही निघाले तर ऐकण्याची तयारी आहे का. पहिला मार्ग मी बाजूला ठेवला, कारण वंशावळीत आईच्या जागी बाप दाखवल्यावाचून तो पार पडत नव्हता. तिसऱ्या मार्गातही एक खोच आहे : ‘काही नाजूक निघाले तर सांगू का’ असे विचारले की ते निघाले आहे, हे सांगून झालेलेच असते. अखेर एकाच व्हिडिओ कॉलवर दोघांना नोंदीची प्रत दाखवली आणि पुस्तिकेत काय छापायचे, हा निर्णय त्यांच्यावर सोपवला.

बहिणीने ते शांतपणे घेतले. भावाला धक्का बसला आणि काही आठवडे काम थांबले. त्याची हरकत अनौरसपणाला नव्हती. ‘मग आम्ही मारे आहोत की नाही’ हा त्याचा प्रश्न होता. त्याला कागदाने उत्तर देता येत नाही, एवढेच मी म्हणालो. मात्र जन्मापासून मृत्यूपर्यंत तो माणूस या नावाने जगला, या नावाने लढला आणि नगरच्या छावणीच्या वहीत याच नावाने उतरला, हे कागदावर होते.

पत्रातला ‘भाऊ’ आणि आर्जेंटिना

पत्र ज्याला लिहिले होते, त्याला पणजोबांनी ‘प्रिय भाऊ’ म्हटले होते आणि हा भाऊ युद्धानंतर आर्जेंटिनाला गेला, अशी घरातली आठवण होती. ही आठवण निराधार नव्हती. ब्रिटिश अमलाखाली राहण्याची इच्छा नसलेली शेकडो बोअर माणसे १९०२ पासून पुढच्या काही वर्षांत पॅटागोनियातील चुबुत प्रांतात, कोमोदोरो रिवादाविया बंदराच्या आसपास, वसली. तो मुलूख इतका कोरडा की १९०७ मध्ये पाण्यासाठी खोदताना तेथे तेल लागले.

पण बाप्तिस्म्याच्या नोंदींत आईला दुसरा मुलगाच नव्हता. हा गुंता माझ्यापेक्षा कोणत्याही मराठी घरातल्या आजीने लवकर सोडवला असता : मामाचा मुलगाही भाऊच. आजोबांच्या एकाच घरात वाढलेला मामेभाऊ पत्रात ‘भाऊ’ झाला आणि दोन पिढ्यांनंतर सख्खा भाऊ समजला गेला. चुबुतमध्ये त्याची एक वृद्ध नात हयात आहे. ती फक्त स्पॅनिश बोलते. पत्राची प्रत पाठवल्यावर तिने आपल्या आजोबांचा एक फोटो पाठवला, ज्याच्या मागे शेतवाडीचे तेच नाव लिहिलेले होते.

आता डीएनए चाचणीला अर्थ आला. भावाला पितृवंशाची चाचणी करायची होती, परंतु या शाखेत आडनाव आईकडून आल्यामुळे ती इतर मारे पुरुषांशी जुळण्याची अपेक्षाच नव्हती. जुळली नाही म्हणून काही खोटे ठरले नसते, आणि पणजोबांच्या अज्ञात वडिलांचे घराणे मात्र उघडे पडले असते, ज्यांच्या आजच्या वंशजांना कोणी विचारलेले नव्हते. म्हणून बहीण आणि आर्जेंटिनातील आजी यांची सर्वसाधारण चाचणी केली. जुळणारा अंश लहान निघाला. इतक्या दूरच्या नात्यात पुष्कळदा काहीच जुळत नाही, त्यामुळे तो कागदांना पूरक मानला, पुरावा नव्हे.

फ्रान्समध्ये कोठे थांबायचे

पणजोबांच्या आईपासून मागे शार्लपर्यंतच्या पिढ्या केपच्या विवाहनोंदी, वारसापत्रे आणि वार्षिक करयाद्या यांवरून जुळल्या. द व्हिलियर्स आणि पामा यांनी सिद्ध केलेल्या वंशावळींचा उपयोग केवळ सूची म्हणून केला. प्रत्येक नोंद मूळ वहीत पाहिली. याच वाटेवर एका पणजीच्या पणजीचे माहेर बॅसन निघाले. केपमधील बॅसन घराण्याची मूळमाता आंखेला व्हान बेंगाले, म्हणजे बंगालहून गुलाम म्हणून नेलेली स्त्री; तिला १६६६ मध्ये मुक्तता मिळाली आणि १६६९ मध्ये तिने आर्नोल्डुस बॅसनशी लग्न केले. फ्रेंच सरदाराच्या शोधात निघालेल्या कुटुंबाला बंगालची पूर्वज मिळाली, आणि तिच्याविषयीचे कागद कोणत्याही कल्पित सरदारापेक्षा कितीतरी भरभक्कम आहेत. करयाद्यांत दुसरी बाजूही होती : द्राक्षवेली, गुरे आणि बंदुका यांच्याच ओळीत मारे कुटुंबाच्या मालकीच्या गुलामांची संख्या. तीही पुस्तिकेत गेली.

फ्रान्समधील गावाचा सर्वांत चांगला पुरावा केपमध्येच आहे. १६९३ च्या सनदेतील शेताला ल प्लेसी-मार्ली या गावावरून नाव दिलेले होते. फ्रेंच न उरलेल्या जिभांवर त्याचे पुढे ‘प्लेझिर द मेर्ल’ झाले आणि आज तेथे त्याच नावाची वाइन बनते. मूळ प्लेसी-मार्ली पॅरिसच्या नैर्ऋत्येला लाँव्हिलियेजवळ आहे. ह्युगेनोंचा नामवंत नेता फिलिप द्युप्लेसी-मोर्ने याची ती जहागीर होती. घरातल्या सरदारकीच्या समजुतीचा उगम बहुधा येथेच असावा. गाव सरदाराचे होते, म्हणून त्या गावचा प्रत्येक रहिवासी सरदार होत नाही.

यापलीकडे जावे का, यावर बराच खल झाला. पॅरिसमधील प्रोटेस्टंट इतिहास संस्थेच्या ग्रंथालयात आणि त्या भागाच्या दप्तरखान्यात मारे नावाचे लोक आहेत, पण त्यांतील एकाचेही कातरीन ताबुरोशी लग्न झाल्याचा कागद हाती आला नाही. वंशावळ शार्ल आणि कातरीन यांच्यापाशी थांबवली. त्यामागच्या सरदारांच्या पिढ्या काढून टाकल्या.

वेगळे काय करता आले असते

कामाच्या आरंभीच, काहीही सापडण्यापूर्वी, अनपेक्षित नोंदी निघाल्यास त्या कोणाला, कोणत्या क्रमाने सांगायच्या, याचा लेखी करार करणे शक्य होते. तेव्हा हा प्रश्न कोणावरही रोखलेला नसतो, म्हणून तो सहज सुटतो. दुसरे, चुबुतच्या आजीशी संपर्क खूप उशिरा झाला. तिच्याकडचा फोटो आधी मिळता तर एकाच नावाच्या दोन कैद्यांतला निवाडा लवकर झाला असता. परदेशी गेलेल्या शाखेला बहुधा शेवटी विचारले जाते, आणि जुन्या वस्तू तर तिच्याकडेच टिकलेल्या असतात, कारण निघताना तिने त्या बरोबर नेलेल्या असतात. फ्रान्सची दप्तरे मात्र कोणत्याही क्रमाने पाहिली असती तरी निकाल तोच लागला असता.

निष्पत्ती

पुस्तिका इंग्रजी आणि आफ्रिकान्समध्ये छापली गेली. नगरच्या पत्राचे भाषांतर स्पॅनिशमध्ये करून चुबुतला पाठवले. पणजोबांच्या आईचे नाव वंशावळीत मुख्य रेषेत आहे आणि बापाची जागा रिकामी ठेवली आहे. हा निर्णय अखेरीस भावाने घेतला. कुलचिन्हाचा उल्लेख पुस्तिकेत नाही, चौकट अजून भिंतीवर आहे. पत्राची स्कॅन प्रत ब्लूमफाँटेनच्या संग्रहालयाला दिली. बहीण लाँव्हिलियेला जाऊन आली. पितृवंशाच्या चाचणीचा प्रश्न भावाने आपल्या दोन चुलतभावांच्या संमतीवर ठेवला असून त्यांतल्या एकाने अद्याप होकार दिलेला नाही.